रुमालाखालची चावी

“बाई, बोर्ड गेला,” रेवाप्पा म्हणाला आणि काळा पडलेला मदरबोर्ड त्यानं थेट माझ्या नाकासमोर धरला. “वास घ्या की. पार करपलाय.”

“मला कशाला वास देतोस? मी काय वांगी भाजायला टाकली होती?”

“डिस्कपण गेली.”

मग मात्र मी खुर्चीत बसले. आदल्या संध्याकाळी लाईटचा दाब एकदम वाढला होता. समोरच्या पिठाच्या गिरणीची मोटर बसली, आमच्या दोन ट्यूबलाइट फुटल्या आणि इन्स्टिट्यूटचं मुख्य मशीन फट् आवाज करून गप्प झालं. रात्रभर मी मनाला समजावत होते, की वायरच जळाली असेल, दुसरं काय असणार. मनाला समजावण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

ही गोष्ट जतची. टायपिंगची सरकारी परीक्षा जुन्या मशिनींवरून कॉम्प्युटरवर आली, त्या वर्षातली. रेवाप्पा हिप्परगीचं स्टँडमागं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्या वेळी त्याच्या डोक्यावर दाट केस होते, आता त्यांची नुसती आठवण उरलीय. आणि माझं ‘अचूक टायपिंग इन्स्टिट्यूट’. नाव मीच ठेवलेलं. लोक म्हणाले, देवाधर्माचं काहीतरी ठेवा. मी म्हटलं, देव चुका माफ करतो, परीक्षक करत नाही, तेव्हा ‘अचूक’च बरं.

त्याच दिवशी दुपारी सांगलीहून तपासणीचे साहेब यायचे होते. आमचं इन्स्टिट्यूट परीक्षेचं केंद्र होणार की नाही, ते त्या दुपारी ठरणार होतं. अट अशी, की प्रत्येक मशीनवरची विंडोज परवान्याची पाहिजे, आणि साहेब स्वतः पडद्यावर बघणार. बाकीची मशिनं दुकानातून येतानाच परवान्यासकट आली होती. या मुख्य मशीनसाठी मात्र मी बऱ्याच वर्षांपूर्वी काही जुनी टाईपरायटरं विकून पुण्याहून विंडोजची वेगळी पेटी मागवली होती. त्या वेळी जतभर चेष्टा झाली. फुकट मिळतं ते विकत घेणारी बाई म्हणून लोक मला बोटानं दाखवायचे. दाखवू देत. मी मान ताठ ठेवून बाजारातून जायची.

“केंद्र नाही मिळालं तर?” दुसऱ्या रांगेतून आवाज आला. महादेवी कोडग. उमदीच्या बाजूची पोरगी, रोज पहिल्या एस्टीनं यायची आणि सगळ्यांच्या आधी टायपिंगला बसायची.

“तर परीक्षा सांगलीला,” मी म्हटलं.

महादेवीनं परत बोटं किबोर्डवर ठेवली. तिच्या बापानं मला समोर बसून सांगितलं होतं, “बाई, जतेत परीक्षा असंल तर बसू दे. सांगलीला मुक्कामाला पोरगी धाडणार नाही. न्हाईतर पावण्यांना होकार कळवून मोकळा होतो.” तिच्यासारख्या आणखी कितीतरी होत्या. सांगली म्हणजे काही लंडन नव्हे, पण घरातून निघू देणाराच नसेल तर दोन्ही सारखंच लांब.

रेवाप्पानं दुकानातून नवा बोर्ड आणि नवी डिस्क आणली, मशीन उघडून बसला आणि हात चालवता चालवता मला समजावू लागला.

“हे बघा बाई. विंडोज आपलं घर ओळखती. बोर्ड बदलला की तिला वाटतं, आपण दुसऱ्याच्याच घरात आलो. तुमची प्रत पेटीतली आहे, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायला मुभा आहे. पण एका टायमाला एकच मशीन. आता सगळं नव्यानं भरतो, तुम्ही फक्त चावी द्या.”

चावी म्हणजे ती पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांची ओळ. पेटीतल्या प्लॅस्टिकच्या डबीत, आतल्या बाजूला चिकटवलेली. डबी मी कपाटात सरस्वतीच्या तसबिरीखाली ठेवली होती. मोठ्या तोऱ्यात काढली, उघडली आणि खिडकीपाशी नेऊन परत बघितली.

दर खंडेनवमीला आम्ही मशिनींची पूजा करतो. आधी टाईपरायटरची करायचो, मग कॉम्प्युटरची. आणि मी शहाणी. म्हटलं, या नुसत्या मशिनींना काय अर्थ आहे, खरी मालकीण तर ही डबी. म्हणून दर वर्षी ती पोथीसारखी उघडून पाटावर ठेवायची, आतल्या चिकटपट्टीला हळदकुंकू, गंध, फूल. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून परत कपाटात. इतक्या वर्षांच्या भक्तीनंतर चिकटपट्टीवर तांबूस-पिवळा डाग तेवढा शिल्लक होता. अक्षर औषधालासुद्धा नाही.

रेवाप्पानं डबी उजेडाकडे धरली, तिरकी केली, भिंग लावलं आणि खो खो हसत सुटला.

“बाई, देवीला न्हाऊ घातलं आणि चावी वाहून गेली की ओ!”

“दात काढू नकोस. डिस्कमधून निघते का बघ.”

“डिस्क जळून गेली म्हटलं की तुम्हाला. दुसरीकडं कुठं उतरून ठेवलीय?”

“डबीत असताना दुसरीकडं कशाला उतरवू?”

रेवाप्पा जरा जवळ सरकला. आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता, पण गावातल्या निम्म्या मशिनींवर त्यानंच फुकटची विंडोज घातली होती.

“एक छोटा प्रोग्राम आहे माझ्याकडं. पाच मिनिटांत विंडोज खरी झाल्यागत दिसती. साहेबाला काय, साहेबाच्या आज्याला कळायचं नाही. केंद्र मिळवा, मग सावकाश दुसरी पेटी घ्या. कुणाचं काय जातंय?”

खोटं कशाला बोलू, मन डळमळलं. महादेवी मान खाली घालून टाईप करत होती. तिची बोटं नेहमीसारखी चालत नव्हती, कान आमच्याकडे होते. मला वाटलं, एका पोरीचं आयुष्य मोठं की माझा ताठा मोठा? तोंडापर्यंत ‘टाक बाबा’ आलं होतं.

पण मग भिंतीवरची पाटी दिसली. तीही मीच लिहिलेली. ‘चूक झाली तर चूक मोजा. खोडू नका.’ ज्या पोरींना मी एका चुकीच्या अक्षरासाठी अख्खा कागद पुन्हा टाईप करायला लावला, त्यांच्या केंद्राचा पायाच खोटा घालायचा? आणि पुढं कोणत्या तोंडानं ठेक्याची फूटपट्टी हातात घ्यायची?

“नाही,” मी म्हटलं. “केंद्र गेलं तर गेलं. मी स्वतः पोरींच्या बापांच्या पाया पडेन. पण ते तुझं औषध नको.”

“तुमच्यापुढं कोण बोलणार,” म्हणत रेवाप्पानं स्क्रू आवळले.

तेवढ्यात रुक्साना आली. रुक्साना मुल्ला. माझ्या पहिल्या कॉम्प्युटर बॅचची विद्यार्थिनी, पुढं माझ्याच हाताखाली शिकवायला लागली. तिनं सगळं ऐकून घेतलं, डबी बघितली, आणि कपाळाला हात लावायचा सोडून चक्क हसली.

“बाई, अहो, आपली तिसरी ओळ!”

“कसली तिसरी ओळ?”

“तुम्हीच घालून दिलेली की. विसरलात?”

आणि मला भराभर आठवलं. टायपिंगच्या सरावाला अर्थाचा मजकूर वाईट. पोरी अर्धं वाक्य वाचतात आणि उरलेलं मनानं ठोकतात. ज्याला काही अर्थ नाही, असंच टाईप करायला दिलं की बोटं शिकतात. कॉम्प्युटर नवीन आला तेव्हा मोठी अक्षरं आणि आकडे एकत्र असलेला सराव मला कुठल्या पुस्तकात सापडेना. समोर डबी उघडी पडली होती. त्या चावीइतकं निरर्थक दुसरं काय असणार? मी ती फळ्यावर लिहिली, सरावाच्या पाठात तिसरी ओळ म्हणून घातली आणि बॅचमागून बॅच पोरींकडून घोटून घेतली. पुढं अभ्यासक्रम बदलला, पाठ बदलले, आणि ती ओळ माझ्या डोक्यातून पार गेली. मी ती कधी टाईप केलीच नव्हती. मी नुसती पट्टी वाजवायची.

“ते सरावाचे कागद आहेत का कुठं?” रेवाप्पानं विचारलं.

“दर दिवाळीला बंबात जातात,” मी म्हटलं. “रुक्साना, येईल तुला?”

ती मशीनसमोर बसली. पडद्यावर चावीची रिकामी चौकट उघडली होती. तिनं पहिला गट टाकला, दुसरा टाकला, तिसऱ्यात थांबली. खोडला. परत टाकला. परत थांबली. हात मांडीवर घेतले.

“सांगून बघ. मी लिहून घेते.”

“तोंडाला येत नाही, बाई. आणि बघून तर मुळीच येत नाही.” तिनं माझ्याकडे बघितलं. “रुमाल टाका. पट्टी घ्या.”

आमच्याकडे पोरगी किबोर्डकडे चोरून बघायला लागली, की तिच्या हातांवर रुमाल टाकायची रीत आहे. मी कपाटातला मोठा रुमाल काढला, तिच्या दोन्ही हातांवर पसरला. लाकडी फूटपट्टी घेतली आणि टेबलावर ठेका धरला. पाच ठोके, विसावा. पाच ठोके, विसावा. अक्षर मला एकही आठवत नव्हतं, पण ठेका आपोआप आला.

रुक्सानानं डोळे मिटले. रुमालाखाली तिची बोटं जात्यावर बसलेल्या बाईच्या हातांसारखी सरळ, न अडखळता फिरली. पाचवा विसावा आला तेव्हा तिनंच थांबून डोळे उघडले. रेवाप्पानं बटण दाबलं. मशीननं चावी घेतली आणि पुढं सरकलं.

“आयला!” रेवाप्पा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “माफ करा, बाई.”

“आज माफ आहे,” मी म्हटलं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पण नाचायची घाई नको, असं म्हातारी माणसं सांगतात ते उगाच नाही. विंडोज भरून झाली, इंटरनेट जोडलं आणि पडद्यावर अक्षरं आली: ही चावी आधीच दुसऱ्या संगणकावर वापरात आहे.

“ते आपलंच जुनं मशीन,” मी म्हटलं. “जळालेलं. त्याला काय कळतंय ते जळालं म्हणून.”

“तेच असंल,” रेवाप्पा म्हणाला. “न्हाईतर...”

“नाहीतर काय?”

त्यानं डोकं खाजवलं. “बाई, राग मानू नका. तुम्ही शंभरावर पोरींच्या बोटांत चावी घातली आणि गावात सोडून दिलं. या गावात! जिथं लग्नाच्या कॅसेटीचीसुद्धा कॉपी काढून विकतात. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा, कुणाचं झेरॉक्सचं दुकान. तुमची चावी आज किती घरात नांदत असंल, देवाला ठाऊक. आता फोन लावावा लागंल विंडोजच्या कंपनीला. आणि तिकडं दिसलं की ही दहा ठिकाणी चालू आहे, तर कायमचं कुलूप. मग पेटीवाली असून तुम्हीच चोर ठराल. त्यापेक्षा फोन लावूच नका.”

मला घाम फुटला. हा विचार इतक्या वर्षांत माझ्या मनाला शिवला नव्हता. खरंच की. मी तिजोरीची किल्ली फळ्यावर लिहून ठेवली होती. एकेक चेहरा डोळ्यांपुढून गेला. कुणाच्या घरी सायबर कॅफे, कुणाचा दीर डीटीपीवाला. पोरींचं काय चुकलं असतं? त्यांना कुणी सांगितलं होतं, की ही ओळ बाहेर द्यायची नाही म्हणून? मी तर एकदाच काय ते म्हणाले होते, ही आपल्या मशीनची चावी आहे, नीट टाईप करा.

“रुक्साना, तू कुणाला दिलीस?”

“नाही.”

“आणि बाकीच्यांनी?”

तिनं फोन उचलून माझ्या हातात दिला. “लावा, बाई.”

लावला. आधी एका ध्वनिमुद्रित बाईनं पडद्यावरच्या आकड्यांची आगगाडी मागितली, ती दिली. मग एक तरुण मुलगा आला. त्यानं हिंदीत सुरुवात केली. माझं हिंदी ऐकल्यावर बिचारा दोन वाक्यांत मराठीवर आला.

“मॅडम, पुन्हा का भरताय?”

“बोर्ड जळाला. डिस्कही. नवीन घातली.”

“ठीक आहे. मला एवढंच सांगा, ही प्रत सध्या किती संगणकांवर आहे?”

महादेवीचे हात थांबले होते. रेवाप्पानं दुसरीकडे तोंड केलं. मला ठाऊक असतं तर मी ताडकन सांगितलं असतं. पण मला ठाऊक नव्हतं. मी रुक्सानाकडे बघितलं. तिनं एक बोट वर केलं. नुसतं एक बोट, आणि मला वाचवायला म्हणून नव्हे. मी वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं.

“एक,” मी म्हटलं.

“थांबा हं, बघतो.”

फोनमध्ये कसलंसं संगीत वाजू लागलं. मला ते अजून आठवतं आणि अजून आवडत नाही. मी पट्टी घट्ट धरून उभी होते.

“मॅडम? आमच्याकडेही एकाच संगणकाची नोंद दिसते. तुमच्या जुन्याच. आता आकडे सांगतो, ते टाका.”

मी मोठ्यानं आकडे म्हणत गेले, रुक्साना टाकत गेली. शेवटचा आकडा पडला आणि पडद्यावर आलं, की विंडोज खरी आहे. मी त्या मुलाला म्हटलं, “बाळा, तुझं कल्याण होवो.” तो हसला आणि म्हणाला, “मॅडम, माझं कामच आहे.”

दुपारी साहेब आले. बारीक चष्म्याचे, कमी बोलणारे. सगळी मशिनं बघून झाल्यावर मुख्य मशीनपाशी थांबले. नवं दिसतंय, म्हणाले. मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी डबी मागितली. कुंकवाचा डाग बघून भुवया उंचावल्या.

“मग चावी टाकली कुठून?”

“माझ्या मुलींना पाठ आहे.”

“मुलींना? किती मुलींना?”

खोटं बोलायची संधी होती. “शंभरावर असतील,” मी म्हटलं. “सरावाला घातली होती.”

साहेबांनी चष्मा काढला. “बाई, चावी कोणी फळ्यावर लिहितं का? अहो, मग ती किती ठिकाणी चालली असेल?”

“एका. आत्ता सकाळीच फोनवर त्यांनी नोंद बघून सांगितलं.”

“शंभर जणींना माहीत, आणि एकाच ठिकाणी?” ते हसले. माझ्यावर विश्वास नसल्याचं ते हसू होतं, आणि त्यांना दोष तरी काय द्यावा? मलाच सकाळी घाम फुटला होता.

तेवढ्यात मागून रेवाप्पा पुढं आला. स्क्रू-ड्रायव्हर हातात तसाच.

“साहेब, मी साक्ष देतो. खरी साक्ष चोराचीच असती.” त्यानं स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला. “ही ओळ मी स्वतः मागितली होती. दुकान नवीन होतं माझं. या रुक्सानालाच विचारलं. घरचं मशीन जन्मभर फुकट दुरुस्त करतो म्हणालो. ती म्हणाली, बोटांना येती, तोंडाला येत नाही. मी म्हटलं, मग बोटांनी टाकून दे, किबोर्ड हा समोर आहे.”

“मग?” साहेबांनी विचारलं.

“म्हणाली, रुमाल आणा, पट्टी आणा, आणि आमच्या बाईंना आणा. तिघं आल्याशिवाय येत नाही.” रेवाप्पानं माझ्याकडे बघायचं टाळलं. “मला वाटलं, हीच एक आगाऊ आहे. पुढं आणखी चार-पाच जणींना विचारलं. वेगवेगळ्या बॅचच्या. साहेब, सगळ्यांनी शब्दाला शब्द हेच सांगितलं. मग मी नाद सोडला. लाजेपोटी आजवर बोललो नाही, आणि मला नाही दिली तरी घरच्यांना दिली असंल, या भीतीनं सकाळी बाईंनाही घाबरवलं.”

मी रुक्सानाकडे वळले. “तू मला कधी सांगितलं नाहीस ते?”

“सांगायचं काय त्यात, बाई?” ती म्हणाली. “आपल्या मशीनची चावी होती. आपणच एकमेकींना सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर काय म्हणायचं. दर वर्षी जुन्या पोरी नव्या पोरींना सांगायच्या.”

साहेबांनी चष्मा परत लावला. हातातली डबी मिटली. मग मशीनकडे नव्हे, वर्गाकडे बघत म्हणाले, “केंद्र इथंच होईल.” आणि सही केली.

मी आयुष्यात पुष्कळ मान घेतले. तालुक्याचा सत्कार घेतला, शाल घेतली, नारळ घेतले. पण त्या दुपारी माझा ऊर जेवढा भरून आला, तेवढा पुन्हा कधी आला नाही. मी पोरींना बोटं चालवायला शिकवली होती. बोटं कुठं थांबवायची, ते त्यांचं त्याच शिकल्या होत्या. डोळे पुसायला मी पाण्याच्या माठापाशी गेले आणि उगाच दोन भांडी पाणी प्यायले.

परत आले तर महादेवी मुख्य मशीनपाशी उभी.

“बाई,” ती म्हणाली, “ती तिसरी ओळ आम्हालाबी शिकवा की.”

“बाई, आता तरी शाणं व्हा!” रेवाप्पा ओरडलाच. “मघाशी काय झालं बघितलं न्हवं? आणि मी इथंच उभा हाय!”

मी रुक्सानाला शेजारी घेतलं, महादेवीला मशीनसमोर बसवलं आणि रुमाल झटकून तिच्या हातांवर पसरला.

“मग तू जा बाहेर,” मी म्हटलं आणि पट्टी हातात घेतली.